बदललेले इंजिन आणि उभ्या गाडीचा कंप

विद्यार्थिमित्रांनो, यंत्रशास्त्र हा आमचा अध्यापनाचा विषय नव्हे. आम्ही भाषा आणि इतिहास शिकविणारे. तथापि ज्या बऱ्हाणपुरात मोहल्ल्यामोहल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, जेथून केळीने भरलेली वाहने रोज बाहेरगावी जातात आणि आपल्यापैकी कित्येकांचे वडीलबंधू गॅरेजमध्ये पाना हाती धरून पोट भरतात, त्या गावी यंत्राविषयी अगदीच उदासीन राहणे शिक्षकाला शोभणारे नाही. शिवाय प्रस्तुत लेखाचा विषय वरवर यंत्राचा असला तरी त्याचे मर्म विचार करण्याच्या रीतीत आहे. आणि विचार हा तर सर्वच विद्याशाखांचा समाईक विषय होय.

प्रश्न असा : एखाद्या गाडीचे जुने इंजिन काढून तेथे दुसरे बसविले. गाडी रस्त्यावर बरी धावते. परंतु उभी असताना, इंजिन मंद गतीने चालू असले की, सुकाणूचक्र, आरसा, बॉनेट, बसणाऱ्याची पाठ असे सारे काही थरथरू लागते. या मंद गतीला कारागीर ‘आयडलिंग’ म्हणतात. कंपाचे कारण कसे शोधावे? ‘इंजिनच खराब निघाले’ असे म्हणणे फार सोपे आहे. मात्र त्या एका वाक्याने मालकाचे हजारो रुपये जातात आणि कारागिराची अब्रूही जाते. म्हणून हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणाला व केव्हा प्राप्त होतो, एवढेच आम्हांस या लेखात पाहावयाचे आहे.

जीपगाडीचे हृदयांतर

आपल्या निमाडात आणि शेजारच्या खानदेशात इंजिन बदलण्याचा प्रकार सर्वांत अधिक झाला तो जीपगाड्यांच्या बाबतीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडून विकण्यास आरंभ केला. पुढे कित्येक वर्षे त्या जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. गाडी मजबूत; खेड्यापाड्यांतील वाटा, नाले, काळ्या मातीचा चिखल यांना न जुमानणारी; पण पेट्रोलची तहान मात्र मोठी. डिझेल स्वस्त होते आणि डिझेल इंजिन थोड्या तेलात अधिक काम देई. त्यामुळे गाडीचा सांगाडा जुनाच ठेवून तिच्या पोटात डिझेल इंजिन बसविण्याची रूढी पडली.

१९७९ मध्ये महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या पेज्यो कंपनीकडून ‘एक्स डी पी ४.९०’ या डिझेल इंजिनाच्या निर्मितीचा परवाना घेतला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे या कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे. मुंबईहून बऱ्हाणपूरकडे येणारी आगगाडी कसारा घाट चढून जेथे थांबते, तेच हे इगतपुरी. नावातील ‘४.९०’ या आकड्याचा अर्थ मनोरंजक आहे : सिलिंडर चार आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर धरली, तर चारही सिलिंडरांचे घनफळ सुमारे २,११२ घनसेंटिमीटर येते. जुन्या हरिकेन इंजिनाचे घनफळ सुमारे २,२०० घनसेंटिमीटर होते. म्हणजे दोन्ही इंजिने चार सिलिंडरांची आणि आकारमानानेही जवळजवळ सारखी. मग जुने इंजिन उभ्या गाडीत शांत बसे आणि नवे मात्र गाडी हलवून सोडते, असे का व्हावे?

डिझेल इंजिन अधिक का हलते?

उत्तर सिलिंडरात शिरणाऱ्या हवेत आहे. पेट्रोल इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या वाटेवर एक झडप असते. चालकाने पाय उचलला की ती जवळजवळ मिटते, आणि मंद गतीत सिलिंडरांना अगदी थोडी हवा मिळते. हरिकेन इंजिन ती हवा सुमारे सातपट दाबते. हवाच मुळी विरळ असल्यामुळे हा दाब वातावरणाच्या दाबाच्या फार तर चार-पाचपट होतो. डिझेल इंजिनात अशी झडप सहसा नसते. तेथे चालकाचा पाय डिझेलचे प्रमाण बदलतो, हवेचे नव्हे. इंजिन मंद चालो की वेगाने चालो, सिलिंडर दर खेपेस हवेने पुरता भरतो आणि ती हवा वीस-बावीसपट दाबली जाते. तिचा दाब वातावरणाच्या तीस-चाळीसपट होतो.

आता कल्पना करा. मंद गतीत फ्लायव्हीलजवळ साठलेला वेग थोडा असतो. अशा वेळी एवढी हवा दाबताना क्रँकला अडखळल्यासारखे होते आणि लगेच झालेल्या स्फोटाने तो पुढे ढकलला जातो. क्रँकला मिळालेल्या प्रत्येक झटक्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनाचा सांगाडा उलट दिशेने वळू पाहतो. न्यूटनचा तिसरा नियम पुस्तकातून उठून बॉनेटखाली येतो तो असा! म्हणून डिझेल इंजिनात मंद गतीला थोडा कंप असणे हा रोग नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. रोग शोधणाऱ्याने स्वभाव आणि विकार यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

कंप मोजावयाचा कसा?

चार धावांच्या, म्हणजे ‘फोर स्ट्रोक’ इंजिनात प्रत्येक सिलिंडराचा स्फोट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा होतो. सिलिंडर चार असल्यास दोन फेऱ्यांत चार स्फोट, अर्थात एका फेऱ्यात दोन. इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२.५ फेरे आणि २५ स्फोट होतात. या एका हिशोबातून तीन संख्या आपल्या हाती येतात, आणि त्या तिन्हींचे अर्थ वेगवेगळे आहेत.

सेकंदाला २५ वेळा होणारा कंप हा स्फोटांचा कंप होय. तो निरोगी इंजिनातही असतो. तो गाडीत जास्त जाणवत असेल तर दोष बहुधा इंजिनात नसून, इंजिन ज्यांवर टेकले आहे त्या रबरांत किंवा कोठल्या तरी नको असलेल्या स्पर्शात असतो.

सेकंदाला १२.५ वेळा, म्हणजे दर फेऱ्यास एकदा होणारा कंप हा फिरणाऱ्या भागाचा तोल बिघडल्याचे लक्षण होय. फ्लायव्हील, क्लचची प्रेशर प्लेट किंवा पुढची पुली एका अंगास जड असली की असे घडते.

सेकंदाला सुमारे सहा वेळा, म्हणजे दर दोन फेऱ्यांस एकदा येणारा हिसका हा एखादा सिलिंडर काम करीत नसल्याचा पुरावा होय. चार माणसे पालखी वाहत असता एकाने खांदा काढून घ्यावा, तशी ही अवस्था. कारागीर यालाच ‘इंजिन मिसिंग करते’ असे म्हणतात.

संख्या मोजण्याचे उपकरण जवळ नसेल तर काय करावे? येथे भाषा मदतीस येते. आमची घरची बोली कोकणी. तीत काय किंवा मराठीत काय, हालचालीच्या व आवाजाच्या शब्दांची मोठी श्रीमंती आहे. हे शब्द नुसते अलंकार नव्हेत, ती निरीक्षणाची साधने आहेत. बारीक, सलग आणि एकसारखी हालचाल म्हणजे थरथर. ठरावीक अंतराने सर्वांग हलविणारा धक्का म्हणजे हिसका. असे इंजिन लंगडते. धातूवर धातू आपटल्याचा आवाज ती खडखड. आणि गाडीचे बंद अंग ढोलाप्रमाणे निनादू लागले तर ते घुमणे. ‘गाडी हलते’ असे सांगणाऱ्या मालकाला चांगला कारागीर पहिला प्रश्न विचारतो, ‘थरथरते, लंगडते, खडखडते, का घुमते?’ अचूक शब्दाने निम्मा रोग सापडतो.

अनुनादाचा खेळ

एक गोष्ट अजून राहिली. प्रत्येक टेकलेल्या किंवा टांगलेल्या वस्तूला आपली अशी एक कंपसंख्या असते. झोक्यावर बसलेल्या लहान भावाला तुम्ही योग्य क्षणी हलकेच ढकलत राहिलात तर झोका उंच जातो. अवेळी ढकललात तर जोर अधिक लागूनही तो रखडतो. बाहेरच्या धक्क्यांची संख्या आणि वस्तूची स्वाभाविक कंपसंख्या जुळली की कंप कमालीचा वाढतो. यालाच अनुनाद म्हणतात. १८३१ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरजवळील ब्रॉटनचा झुलता पूल पावलात पाऊल मिळवून चालणाऱ्या सैनिकांच्या तुकडीखाली कोसळला. तेव्हापासून पुलावरून जाताना सैनिकांना पाऊल मोडून चालण्याची आज्ञा दिली जाऊ लागली. आपल्याकडे यंत्रमागाच्या शेजारील घरात, माग एका विशिष्ट वेगाने चालू असताना फळीवरचा एखादाच पेला किणकिणतो आणि बाकीची भांडी स्वस्थ राहतात. तेथेही हाच नियम आहे.

इंजिन रबराच्या आधारांवर टेकलेले असते. आपल्याकडील कारागीर त्यांना ‘फाउंडेशन’ म्हणतात, आणि हा शब्द आम्हांस फार आवडतो, कारण पायाच तो! इंजिनाच्या वजनाने हे रबर किती दबते यावरून त्याची स्वाभाविक कंपसंख्या ढोबळपणे काढता येते. दाब मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने १५.८ या संख्येस भागावे. रबर ४ मिलिमीटर दबत असेल तर उत्तर येते सुमारे ८. १ मिलिमीटर दबत असेल तर सुमारे १६. आणि कडक होऊन केवळ अर्धा मिलिमीटर दबत असेल तर सुमारे २२. स्फोटांची संख्या या स्वाभाविक संख्येच्या सुमारे १.४ पटीहून पुढे गेली, तरच रबर कंप अडवू लागते. त्याच्या आत असता ते कंप अडविण्याऐवजी वाढविते. म्हणून इंजिनाला घट्ट आवळून धरले म्हणजे ते कमी हलेल, ही समजूत फसवी आहे. घट्ट धरलेले इंजिन स्वतः कमी हलते, पण गाडीला अधिक हलविते. वास्तविक स्फोटाचा झटका इंजिनाला वरखाली उचलण्यापेक्षा पिळवटून वळवितो, त्यामुळे खरा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे. तरीपण दिशा हीच.

हे तत्त्व व्यवहारात आणण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीची १९३१ ची प्लिमथ मोटार. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन मऊ रबरावर अशा बेताने टांगले होते की ते आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती मोकळेपणी डुलावे. कंपनीने या योजनेस ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ती, असे नाव दिले होते. इंजिनाला डुलू द्यावे आणि प्रवाशाला स्वस्थ बसू द्यावे, हा त्यातील विचार आजच्या गाड्यांतही कायम आहे.

शोधाची रीत : अन्वय आणि व्यतिरेक

आता प्रत्यक्ष निदानाकडे वळू. आपल्या न्यायशास्त्रात कार्यकारणसंबंध ठरविण्याच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असेल तेथे कार्य असणे हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य नसणे हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात याच जातीच्या पद्धती मांडल्या आहेत. दोहोंचे व्यावहारिक सार एका वाक्यात सांगता येईल : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होते ते पाहा. चार सुटे भाग एकदम बदलले आणि कंप गेला, तर गाडी सुधारली खरी, पण ज्ञान काहीच वाढले नाही. उलट तीन चांगल्या भागांचे पैसे व्यर्थ गेले.

आमच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण सांगतो. केळीच्या बागांकडे फेऱ्या मारणाऱ्या एका जुन्या जीपमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जागी वापरलेले एक्स डी पी डिझेल इंजिन बसविले होते. उभी असताना गाडी अशी थरथरे की आरशात मागचे काहीच दिसत नसे. ‘इंजिन परत करा, दुसरे आणा’ असा सल्ला मालकाला मिळाला होता, आणि त्यासाठी कर्ज काढण्याची त्याची तयारी चालली होती. गाडी एका वयस्क उस्तादांकडे आली. आमच्या शाळेतील काही मुलांना घेऊन आम्ही त्यांचे काम पाहावयास गेलो होतो. त्यांनी पुढील क्रमाने परीक्षा घेतली.

पहिली परीक्षा, वेगाची. चाकांना ओट लावून, हातब्रेक ओढून, गिअर मोकळा ठेवून इंजिन सुरू केले. हातातील गतिमापकाने पुढच्या पुलीचे फेरे मोजले. ते मिनिटाला सुमारे ६६० भरले. मग वेग ८०० पर्यंत वाढविला. थरथर पुष्कळ ओसरली, पण नाहीशी झाली नाही. आणखी वाढविल्यावर ती जवळजवळ गेली. येथे एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. फिरणाऱ्या भागाचा तोल बिघडला असता तर वेगाबरोबर कंप वाढला असता, कारण असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो कमी झाला, म्हणून फ्लायव्हीलवरचा संशय बराच मावळला.

दुसरी परीक्षा, सिलिंडरांची. डिझेल पंपाकडून प्रत्येक नोझलकडे जाणाऱ्या नळीची चाकी त्यांनी एकामागून एक किंचित सैल केली आणि पुन्हा आवळली. नळी सैल केली की त्या सिलिंडराचे काम थांबते. काम करणारा सिलिंडर थांबविला तर इंजिन लंगडावयास हवे. आधीच निकामी असलेला थांबविला तर काहीच फरक पडणार नाही. हाच तो व्यतिरेक! चारही वेळा इंजिन सारख्याच प्रमाणात लंगडले. म्हणजे चौघेही आपापला भार सारखाच वाहत होते. ‘इंजिन खराब’ हा आरोप येथेच खोटा ठरला.

तिसरी परीक्षा, क्लचची. क्लचचे पायदान दाबले असता गिअरबॉक्स इंजिनापासून अलग होते. तेव्हा कंप बदलला असता तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सकडे पाहावे लागले असते. येथे फरक पडला नाही.

चौथी परीक्षा, स्पर्शाची. इंजिन बंद करून, ते गार झाल्यावर, उस्तादांनी जाड कागदाची पट्टी घेऊन इंजिन व चेसिस यांच्यामधील प्रत्येक फटीतून फिरविली. एके ठिकाणी पट्टी अडली. सायलेन्सरची नळी चेसिसच्या आडव्या पट्टीला टेकत होती. रबराने जे अडवावयाचे ते या लोखंडी वाटेने सरळ आत जात होते. धरणाला दार लावावे आणि शेजारी भिंतीलाच भोक असावे, तशातली गत!

पाचवी परीक्षा, फाउंडेशनची. रबरे जुन्या पेट्रोल इंजिनाचीच ठेवली होती. उष्णतेने आणि वयाने ती दगडासारखी टणक झाली होती. अंगठ्याच्या नखाची खूणही त्यांवर उमटत नव्हती. त्यांचे बोल्ट सैल करताच इंजिन आपण होऊन बोटभर एका बाजूस सरकले. याचा अर्थ, वेल्डिंग केलेले आधार किंचित वाकडे होते आणि बोल्टांनी इंजिन ओढून धरल्यामुळे रबरे कायमची पिळलेली होती. जुने इंजिन मुळातच शांत असल्यामुळे या रबरांचा दोष झाकून गेला होता. नव्या इंजिनाने तो उघड केला.

हिशोब पाहा. ६६० फेऱ्यांना सेकंदाला २२ स्फोट होतात, आणि केवळ अर्धा मिलिमीटर दबणाऱ्या रबराची स्वाभाविक कंपसंख्याही सुमारे २२ च येते. रबर किती दबते ते तेथे कोणी मोजले नाही. तरी वेग थोडा वाढताच कंप ओसरावा, हे अनुनादाच्या नियमाशी पूर्णपणे जुळते.

उपाय मग सरळ होता. त्या इंजिनाच्या वजनाला योग्य अशी मऊ रबरे आणली. आधार कापून नीट रेषेत बसविले. सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवून इंजिन काही क्षण चालविले, म्हणजे ते आपली जागा आपणच शोधून घेते, आणि मगच बोल्ट आवळले. सायलेन्सर रबरी पट्ट्यांवर टांगला. शेवटी मंद गती थोडी वाढवून ठेवली. हे प्रत्येक काम केल्यावर उस्ताद इंजिन सुरू करून कंप पाहत, आणि मगच पुढच्या कामाला हात घालीत. अखेर डिझेलचा स्वाभाविक कंप तेवढा उरला. आरशात मागचा रस्ता दिसू लागला. सारा खर्च एका नव्या टायरच्या किमतीहूनही कमी आला. कर्ज टळले.

काही पोटभेद आणि सावधगिरी

प्रत्येक गाडीत असेच निघेल असे मात्र नव्हे. दुसऱ्या परीक्षेत एखादा सिलिंडर मुका निघाला, तर डिझेल इंजिनात प्रथम नळ्यांत हवा शिरली आहे काय ते पाहावे, मग नोझल, टॅपेट आणि शेवटी सिलिंडरातील दाब तपासावा. स्वस्त व सोपे ते आधी, महाग व कठीण ते शेवटी, असा क्रम असावा. पेट्रोल इंजिनात प्लग, त्यांच्या तारा आणि हवा ओढणाऱ्या नळ्या तपासाव्यात. इंजिन बदलताना एखादी रबरी नळी जोडावयाची राहिली तर तेथून फाजील हवा आत जाते आणि इंजिन लंगडते. पहिल्या परीक्षेत वेगाबरोबर कंप वाढला, तर फ्लायव्हील त्याच इंजिनाचे आहे ना, हे पाहावे. काही इंजिनांच्या फ्लायव्हीलवर मुद्दामच एका अंगास जास्त वजन ठेवलेले असते. अशा वेळी दुसऱ्या इंजिनाचे फ्लायव्हील बोल्टांच्या भोकांना बरोबर बसते, पण तोलाला बसत नाही.

आता एक कडक सूचना. नळी सैल करण्याची परीक्षा जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनांपुरतीच आहे, आणि तीही जाणत्या कारागिराने करावयाची. अलीकडच्या ‘कॉमन रेल’ इंजिनांत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार-दीड हजार पटींहूनही अधिक असू शकतो. तेथे चालू इंजिनाची नळी सैल केल्यास सुटणारी बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशा गाड्यांची तपासणी संगणकी यंत्र जोडूनच करावी. पेट्रोल इंजिनाच्या प्लगच्या तारेत हजारो व्होल्टची वीज असते, तिलाही उघड्या हाताने स्पर्श करू नये. बंद खोलीत इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासावाचून प्राण घेतो. आणि इंजिन बदलणे ही केवळ कारागिरीची बाब नाही. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यानुसार गाडीत असा फेरफार करण्यास नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागते आणि त्याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत व्हावी लागते.

उपसंहार

मित्रांनो, त्या उस्तादांनी आमच्या मुलांसमोर एकही ग्रंथ उघडला नाही. तरी त्यांनी दर वेळी एकच प्रश्न विचारला, एकच गोष्ट बदलली आणि उत्तर येईपर्यंत निर्णय राखून ठेवला. विज्ञान म्हणतात ते हेच. इंजिनावर आरोप करणारा मनुष्य दुष्ट नव्हता. त्याने केवळ जे सर्वांत नवे, जे सर्वांत मोठे, त्याकडे बोट दाखविले. घरात, वर्गात, समाजातही आपण पुष्कळदा असेच करतो. काही बिघडले की जो नवा आला त्याच्या माथी खापर फोडतो, आणि वर्षानुवर्षे टणक होत गेलेली जुनी रबरे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. दोष ठरविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी, आणि परीक्षा घेताना क्रम सोडू नये, एवढा एक बोध या उभ्या गाडीच्या कंपापासून घेतला तरी पुरे आहे.

स्वाध्याय

१. सहा सिलिंडरांचे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असता सेकंदाला किती स्फोट होतील? त्यांतील एक सिलिंडर निकामी असेल तर हिसका सेकंदाला किती वेळा येईल?

२. इंजिनाच्या वजनाने रबर २ मिलिमीटर दबते. त्याची स्वाभाविक कंपसंख्या काढा. चार सिलिंडरांच्या इंजिनाचा मंद वेग मिनिटाला ७५० असेल तर हे रबर कंप अडवील काय?

३. एका गाडीचा कंप क्लच दाबताच नाहीसा होतो. कोणत्या भागांवरील संशय वाढला आणि कोणत्या भागांवरील कमी झाला, ते कारणांसह लिहा.

४. आपल्या घरात अगर शेजारी चालणाऱ्या एखाद्या यंत्राचे आठ दिवस निरीक्षण करा. त्याच्या हालचालींसाठी व आवाजांसाठी घरची मंडळी कोणते शब्द वापरतात त्यांची यादी करून प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ एका वाक्यात द्या.